कपाटात नसलेला दाखला

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवळात हात जोडून उभी असते तेव्हा देवालाही नाही — त्याला ठाऊकच असेल, असं म्हणून मी दर वेळी पुढे सरकते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. कसलं सोपं! हे पहिलं वाक्य लिहायलाच दोन दिवस गेले. मध्ये एकदा उठून तांदूळ निवडले. ते आधीच निवडलेले होते.

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आचऱ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथे मला सगळे 'बाई' म्हणतात, अजूनही. खोटं बोलणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलंय, त्यांच्या आयांना बोलावून सुनावलंय. त्यातल्या एकाही मुलाचं खोटं माझ्या खोट्याच्या पासंगाला पुरलं नसतं. पण हे मी पुन्हा भलतीकडूनच सुरू केलं. वृंदाबद्दल सांगायला हवं.

वृंदा माझी धाकटी जाऊ. खारेपाटणच्या व्यापारी घरातली. ती लग्न होऊन आली तेव्हा माझ्या नोकरीला बारा वर्षं झाली होती आणि घरात काहीही ठरवायचं झालं की माझ्याकडे बघितलं जायचं. वृंदा माझ्या मागे मागे फिरायची. वयनी, ह्या खंय ठेवू? वयनी, ह्या कसा करतात? रातांब्याचं आगळ करायला तिला मीच शिकवलं. फळ कसं फोडायचं, सालींना मीठ किती लावायचं, रोज सकाळी ते कसं वरखाली करायचं, आणि रंग कुठल्या दिवशी धरतो — सगळं. आगळ म्हणजे आमच्याकडचा कोकमाचा खारवलेला घट्ट रस. सोलकढीला तोच लागतो. पहिल्या वर्षी तिचं आगळ बिघडलं तेव्हा ती रडली होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. तेव्हा मला ती आवडायची. खरंच आवडायची. कारण सोपं आहे — तिला येत नव्हतं.

मग तिला यायला लागलं. आधी मुंबईच्या पाहुण्यांना बाटल्या, मग मालवणातल्या दुकानांत, मग घरामागे पत्र्याची शेड, त्यात मशीन, हाताखाली सात-आठ बायका. एक दिवस ती कागद घेऊन आली : कंपनी नोंदवून झाली होती. प्रायव्हेट लिमिटेड. आमच्या गोठ्यामागे प्रायव्हेट लिमिटेड! मी हसले. सगळे हसले, वृंदासुद्धा. फक्त माझं हसणं तेवढं निराळं होतं आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

मला तिचा मत्सर वाटायचा. चला, हे वाक्य तरी एका दमात लिहून झालं.

कसा मत्सर? सांगते. पेपरात तिचा फोटो आला — बाटली हातात धरून, ओठ जरा मुडपून. आमच्या ह्यांनी तो कात्रीने नीट कापला आणि लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मला जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा माझाही फोटो आला होता पेपरात. त्या पेपरावर ह्यांनी मासळी गुंडाळून आणली. मुद्दाम नव्हे हो. ह्यांच्या लक्षातच नव्हतं. पण मुद्दाम केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. त्यानंतर साडी काढायला कपाट उघडलं की दर वेळी वृंदा माझ्याकडे बघून हसायची. दहा वर्षं मी तिच्या समोर साड्या बदलल्या.

आणि ते हात. बाटलीवरच्या चिठ्ठीवर, म्हणजे लेबलवर, रातांबा फोडणारे दोन हात आहेत, ते माझे आहेत. कुडाळहून फोटोग्राफर आला होता. त्याला वृंदाचे हात चालले असते, पण हीच हट्टाला पेटली. "माझे नको. हात वयनींचेच व्हये. माका त्यांनीच शिकवल्यानी." दोन तास मी फळं फोडत बसले, हात कोपरापर्यंत जांभळे झाले. तिने केलं ते मानाने केलं — आज मला हे स्वच्छ दिसतं. तेव्हा माझ्या मनात काय आलं? चेहरा तिचा पेपरात आणि हात माझे बाटलीवर. मला तोंड नाही जणू. असं मन असलेल्या बाईला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, मी आधीच म्हणून बसले आहे.

आता दाव्याचं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने दोन हंगाम वृंदाकडून आगळ घेतलं, तिसऱ्या हंगामात घेणं बंद केलं आणि स्वतःची बाटली काढली. उंचीला तीच, चिठ्ठीची हिरवी कडा तीच, आणि चिठ्ठीवर रातांबा फोडणारे दोन हात. माझे नव्हेत, कुणा दुसरीचे. पण धरण्याची पद्धत हुबेहूब. वृंदाने पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मग तिने ओरोसच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. तिची कंपनी विरुद्ध त्यांची कंपनी. आमच्या घरात त्या दिवसांत सगळे वकिली बोलायला लागले होते; भावजी म्हणजे वृंदाचे मिस्टर, जे एरवी माल पोचवायचा टेम्पो आणि क्रिकेट याखेरीज बोलत नाहीत, तेसुद्धा 'मनाई हुकूम' म्हणायचे.

पुण्याच्या कंपनीने हजर झाल्याबरोबर एक अर्ज टाकला. तो मला समजायला वेळ लागला, तुम्हालाही लागेल. त्यांचं म्हणणं असं : ही वादी कंपनी नावापुरती आहे, तिच्यापाशी स्वतःचं काहीच नाही. उद्या ती हरली आणि आमचा दाव्याचा खर्च देण्याचा हुकूम झाला, तर तो आम्ही वसूल कुणाकडून करायचा? म्हणून तिने आमच्या खर्चापोटी आधी तारण द्यावं, मगच दावा पुढे चालावा. म्हणजे ज्याच्या घरात चोरी झाली त्यानेच आधी जामीन द्यायचा! भावजी असंच ओरडले. वकीलसाहेब म्हणाले, असा हुकूम सहसा होत नाही. पण झाला. आणि मुदतीत तारण दिलं नाही तर दावा फेटाळला जातो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

आता तारण आणायचं कुठून? कंपनीचं खरंच काही नव्हतं. मशीन बँकेकडे गहाण. शेड उभी ती घरच्या जमिनीत — आणि आमच्याकडची जमीन म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमचा सातबारा वाचायला घ्यावा तर चहा निवतो. चुलते, चुलत चुलते, मुंबईला गेलेले, बडोद्याला गेलेले, वारलेले आणि अजून नाव न कमी केलेले. चाळीसच्या वर माणसं त्या एका गटावर. त्यातला कुठला तुकडा कुणाचा, हे देवालाही सांगता यायचं नाही. एवढं मोठं कुटुंब, पण कोर्टात दाखवायला एकाच्याही एकट्याच्या नावावर जमीन नाही.

एक सोडून. कसालला हायवेपासून आत माझा एक तुकडा आहे, माझ्या पगारातून घेतलेला, सातबाऱ्यावर माझं एकटीचं नाव. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. मागायला कुणी धजत नव्हतं, आणि मीही आपण होऊन बोलले नाही. एक महिना वृंदा आणि भावजी दारोदार फिरले. मी वह्या तपासत बसायचे आणि ऐकायचे — अमका नाही म्हणाला, तमक्याने आशेला लावून ठेवलं. मला वाईट वाटत नव्हतं. बरं वाटत होतं. कोर्टाने मुदत एकदा वाढवून दिली, आणि हुकुमात लिहिलं : शेवटची संधी. मग वृंदा माझ्याकडे आली. उंबऱ्यातच उभी राहिली, आत आली नाही. "वयनी, मी तुमका कधी काय मागूक नाय," म्हणाली. मी म्हटलं, "अगो, त्यात काय? होतंय मी जामीन." किती मोठी झाले मी त्या क्षणी! तिने वाकून नमस्कार केला. मला वाटलं, आता घडी पुन्हा पहिल्यासारखी बसली.

जामीन राहायचं तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागतो. तलाठ्याचा अहवाल, मग वरची सही, शिक्का; आम्हाला पंधरा दिवस लागले. दाखला घ्यायला मी एकटी गेले. माझी जमीन, माझं नाव, माझ्या हातात माझं ओळखपत्र. खिडकीपलीकडचा कारकून कागदावर शिक्का मारत म्हणाला, "तुम्ही वृंदा मॅडमच्या जाऊबाई ना? चेहऱ्यावरून ओळखलं नसतं, पण आडनाव बघितलं." आणि मागच्या टेबलाकडे वळून कौतुकाने म्हणाला, "आपल्या आगळवाल्या वृंदा मॅडम, त्यांच्या घरच्या." त्याच्या बहिणीला मी पहिलीत शिकवलं होतं. मी सांगितलं नाही. दाखला पर्समध्ये ठेवला आणि एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले.

एवढ्या तेवढ्यावरून? हो. एवढ्या तेवढ्यावरूनच. मोठं काही घडलं असतं तर मी सावध झाले असते.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दर काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री मोकळं केलं जातं. गावपळण म्हणतात. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे शिवेबाहेर. घरांना कुलपं. शिवेपलीकडे माडाच्या झावळ्यांची खोपटी बांधून राहायचं, तिथेच रांधायचं, हसायचं-खेळायचं, आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परतायचं. मधल्या तीन दिवसांत गावात पाऊल टाकायचं नाही. ते तीन दिवस गाव देवाचं. शिकलेले-सवरलेले, मुंबईचे, सगळे पाळतात. मी तर शाळेच्या दाराला स्वतःच्या हाताने कुलूप लावून निघालेली आहे.

त्या वर्षीचा कौल झाला आणि वृंदाचा चेहरा उतरला. कोर्टाची शेवटची तारीख पळणीच्या तिसऱ्या दिवशी येत होती. पण त्यात अडचण काय होती? ओरोसला जायला बंदी नव्हती, बंदी होती ती गावात यायला. कागद तेवढे बाहेर निघताना बरोबर घ्यायचे. "वयनी, दाखलो घेतल्यात मां?" असं तिने निघायच्या आदल्या दिवशी दोनदा विचारलं. मी घेतला होता. खरेदीखत, सातबारा, दाखला, सगळं एका पाकिटात, पाकीट माझ्या पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी.

हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे. मी विसरले नव्हते. पाकीट पेटीत होतं.

पळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याशा वाहिनीचे लोक आले. त्यांना पळणीवर काहीतरी करायचं होतं आणि वृंदा दिसली, मग काय! खोपटीच्या पुढ्यात तिला उभी केली. मी तिच्या मागे तीन दगडांच्या चुलीवर पेज ढवळत होते. लाकडं ओली, डोळ्यांतून पाणी. वृंदा बोलत होती — गावाबद्दल, बायकांच्या कामाबद्दल. छान बोलत होती. इतकं छान मराठी तिला कुणी शिकवलं असेल? कॅमेऱ्यावरच्या माणसाने मान वर केली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. धूर येतोय." मी बाजूला झाले. पेजेचं भांडं तिथेच राहिलं, मी बाजूला झाले.

ते गेले. वृंदा धावत आली, गाल तापलेले. म्हणाली, "वयनी, ता पाकीट एकदा बगूया काय? वकीलसायबांका फोन करून सांगतंय, सगळा आसा म्हणान."

आणि माझ्या तोंडून आलं, "अगो — ता कपाटातच रवला."

ठरवून नाही. शपथेवर सांगते — पण माझ्या शपथेला आता काय किंमत? मला इतकंच हवं होतं की तिचा तो तापलेला चेहरा एकदा पडावा. एक दुपार. संध्याकाळी पेटी उघडून मी 'अगो, हय आसा बग, मीच वेडी' म्हणणार होते, आणि ती पुन्हा माझ्या पाया पडणार होती. तिचा चेहरा पडला. मला हवा होता त्याहून जास्त पडला. तिने वकिलांना फोन केला. मूळ दाखल्याशिवाय काही होणार नाही, म्हणाले. नवा काढायला वेळ नव्हता. ती मला एक शब्द बोलली नाही. "जाऊंदे वयनी, गडबडीत रवता," एवढंच.

दुपारी जेवणं झाल्यावर ती दिसेना. मला वाटलं व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, भांडी घासायला गेली असेल. ऊन कलल्यावर आली. साडीचा काठ भिजलेला, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे. मला खोपटीच्या मागे ओढून नेलं आणि कुजबुजली, "वयनी, मी गावात गेल्लंय."

मला आधी कळलंच नाही. मग तिची मूठ दिसली. मुठीत घराची जादा किल्ली होती.

व्हाळाच्या अंगाने ती आत शिरली होती. एकटी. सगळ्या घरांना कुलपं, अंगणात एक कोंबडी नाही, आणि ही त्या रिकाम्या गावातून चालत गेली — देवाच्या गावातून. आमचं घर उघडलं, माझं कपाट उघडलं. "सगळा बगलंय. साड्येन् साडी झाडलंय. पाकीट गावूक नाय, वयनी." तिचे दात वाजत होते, त्या उन्हात. "असा कसा झाला? तुमी सांगितल्यात ता खोटा असूचा नाय. देवानच दाखवूक नाय माका. माजा चुकला. तुमी कोणाक सांगू नकात."

तुमी सांगितल्यात ता खोटा असूचा नाय.

तिच्यापासून दहा पावलांवर पेटी होती. उघडली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी त्या एका क्षणात केला. तिला कळलं असतं की मी तिला छळलं, आणि माझ्या छळापायी तिने देवाची शीव मोडली. ह्यांना कळलं असतं. गावाला कळलं असतं. बाईंनी असं केलं? बाईंनी? तिचं पाप मोठं की माझं, हे सगळ्या गावाने तोललं असतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "नाय सांगणंय कोणाक." ती माझ्या खांद्यावर रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ओरोसला गेलो. पहाटेच मी पाकीट पेटीतून काढून पर्समध्ये घातलं होतं. का? तिथे देईन म्हणून, वाटेत काहीतरी कारण सुचेल म्हणून — पर्सच्या अस्तरात सरकलं होतं म्हणावं, पुस्तकात होतं म्हणावं. कसालच्या थांब्यावर गाडी थांबली, तिथून माझा तुकडा पाव मैलावर. मी पर्सची चेन अर्धी उघडली आणि परत लावली. कोर्टात आमचा पुकारा झाला. वकीलसाहेब उभे राहिले, अडचण सांगितली, आठ दिवस मागितले. पुण्याचा वकील म्हणाला, दोनदा मुदत झाली, आता गावच्या रूढीचं निमित्त आहे. न्यायाधीश बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "जामीनदार हजर आहेत?"

मी उभी राहिले. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"मूळ कागद कुठे आहेत?"

"गावात राहिले, साहेब. घरात."

"कुणाला पाठवून आणता येणार नाहीत?"

"नाही. तीन दिवस कुणालाही जाता येत नाही."

माझ्या बाजूला वृंदाने मान खाली घातली. तिने माझा हात शोधला आणि घट्ट दाबला. तिला वाटलं मी तिचं गुपित राखते आहे. भर कोर्टात तिच्यासाठी मी धीराने उभी आहे, असं तिला वाटलं. तिची बोटं गार होती. तो हात मी सोडवून घेतला नाही.

न्यायाधीश बाईंनी बराच वेळ हुकूम लिहिला. तारण मुदतीत दिलं नाही, दावा फेटाळण्यात येतो. पुकारणाऱ्याने लगेच पुढचं नाव घेतलं.

अजून एक दार उघडं होतं, आणि ते मी बंद होऊ दिलं. वकीलसाहेब म्हणाले, तीस दिवसांत अर्ज करा. कारण खरं आहे, पळण सगळा जिल्हा जाणतो, दावा पुन्हा उभा राहील. वृंदाने ऐकलं नाही. भावजींनी समजावलं, ह्यांनी समजावलं. मीच काय ती गप्प बसले. शेवटी ती मला एकटीला गाठून म्हणाली, "त्यांका म्हायत नाय, तुमका म्हायत आसा. मी शीव मोडलंय. देवान जबाब दिल्यान. आता त्येच्या वर कोर्टात जावचा?" मला तिला फक्त एवढंच सांगायचं होतं, की देवाने काही जबाब दिलेला नाही, गो. पाकीट माझ्याकडे होतं. दहा शब्दसुद्धा लागत नाहीत त्याला. तीस दिवस होते. मी रोज सकाळी उठून दिवस मोजायचे, आणि एकतिसाव्या दिवशी मला मोकळं वाटलं. वाईट नाही — मोकळं. हे लिहायचं नव्हतं मला. पण मग उरलेलं लिहून काय उपयोग?

शेड अजून उभी आहे. मशीन बँकेने नेलं. त्या बायकांपैकी दोघी पणजीला कामाला गेल्या. रातांब्याच्या दिवसांत आता वृंदा पुण्याच्या त्याच कंपनीच्या माणसाला फळं घालते, आणि तो तिला 'मॅडम' म्हणत नाही. कसालच्या बाजारात दुकानादुकानांत त्यांची बाटली दिसते, तिच्यावर ते दोन हात. ह्यांनी कपाटाच्या दाराचं कात्रण काढून टाकलं, वृंदाला बघून वाईट वाटायला नको म्हणून. मी साडी काढते तेव्हा तिथे चिकटपट्टीचे चार पिवळे डाग असतात. तुम्हाला वाटेल, आता तरी माझा मत्सर निवला असेल. नाही. आता ती माझ्याहून चांगली आहे, याचाच मला मत्सर वाटतो.

कारण ती मला जपते. माझे गुडघे धरले की तेल लावून देते. 'वयनीन माझा राखल्यान' असं ती भावजींना एकदा म्हणाली, काय राखलं ते न सांगता. पाकीट अजून आहे. कपाटात ठेवता येईना, तिथे तिने शोधलं होतं. जाळायचं धाडस झालं नाही. पेटीच्या तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली आहे, शिक्क्यासकट.

आणि दर वर्षी देवळात ती गाऱ्हाणं घालते. आमच्याकडे देवाशी बोलायचं ते सगळ्यांनी मिळून : एकाने मोठ्याने गाऱ्हाणं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी होकार भरायचा. वृंदा नारळ ठेवते, डोळे मिटून उभी राहते. मानकरी खड्या आवाजात म्हणतो, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान काय चूक केल्यान असात, कळत केल्यान असात, नकळत केल्यान असात, ती पोटात घाल रे म्हाराजा —" कसली चूक, ते त्याला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तिला वाटतं, तिला माहीत आहे.

मी तिच्या शेजारी उभी असते. सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणते. शाळेत कमावलेला आवाज आहे माझा, गर्दीत वेगळा ऐकू येतो. यंदाही म्हटलं.